जुना ५.१ रिसीव्हर काढून नवा घ्यायचा का? आधी डिस्प्लेवर काय दिसते ते पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या भाषेत मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही समजेल. तुम्ही घाटंजीजवळच्या खेड्यात राहता, २०१० च्या सुमारास घेतलेला ५.१ चा रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर वाजवणारा डबा) आहे, पाच स्पीकर अन् एक सबवूफर, दिवाळीत ५५ इंची फोरके टीव्ही आणला आणि तो ऑप्टिकल वायरनं रिसीव्हरला जोडला. तेव्हापासून पिक्चरमधले डायलॉग दबून राहिले पण मारामारी आली की घर दणाणते, मागचे स्पीकर मुके झाल्यासारखे वाटतात, आणि रात्री आवाज वाढवला की रिसीव्हर कधी कधी आपोआप बंद पडतो. बजेट ६० हजार. दुकानदार म्हणतो ७.२ चा ऍटमॉसवाला (वरूनही आवाज देणारा) घ्या, साडभाऊ म्हणतात साउंडबार घेऊन मोकळे व्हा, आणि तुम्ही विचारता की किती वॉटचा घेऊ.

मी आर्वीकडं हेच काम करतो. पहिले मंडपवाल्यांचे ऍम्प्लिफायर दुरुस्त करायचो, मग हळूहळू घरचे थिएटर बसवायला लागलो, त्यात शहरातले कमी अन् खेड्यातले जास्त. म्हणून सांगतो, तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन वेगवेगळी आहेत आणि वॉट त्यातल्या एकातही नाही. डायलॉग अन् मागच्या स्पीकरचा घोळ टीव्हीच्या सेटिंगचा दिसतो, बंद पडण्याचा घोळ वायर, गर्मी किंवा लाईनचा. हे तसंच ठेवून लाखाचा रिसीव्हर आणला तरी त्यालाही टीव्हीकडून तेच दोन चॅनेल, म्हणजे नुसता डावा-उजवा आवाज, मिळतील अन् त्याच लाईनवर तोही बंद पडेल. नवा घेऊ नका असं मी म्हणत नाही, घ्यायची कारणं आहेत, ती पुढं सांगतो. पण पहिले फुकटात होणारं काम करून घ्या.

एखादा पिक्चर ओटीटीवर लावा, ज्याच्या माहितीत ५.१ लिहिलेलं आहे असा. आता रिसीव्हरच्या डिस्प्लेकडं पाहा. तिथं 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डॉल्बी डी' असं काही आलं अन् बाजूला पाच-सहा छोटे चौकोन पेटले तर सिग्नल बरोबर येऊन राहिला. 'पीसीएम' आलं, किंवा 'स्टिरिओ' आलं, तर टीव्हीनं पाचही चॅनेलचा घोटून दोन चॅनेलचा काला करून पाठवला असं समजा. तुमची लक्षणं ऐकून मला नव्वद टक्के हेच वाटते. डायलॉग मूळ मिक्समध्ये बहुतेक करून सेंटर चॅनेलमध्ये, म्हणजे टीव्हीजवळच्या मधल्या स्पीकरच्या वाट्याला, असतात. दोन चॅनेल केले की ते डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये मारामारी, म्युझिक, पाऊस-वारा सगळ्यांच्या सोबत दाटीवाटीनं बसतात. तुमचा सेंटर स्पीकर तिथं नुसता शोभेला राहतो, आणि मागच्यांना द्यायला काही उरतच नाही.

उपाय टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये आहे. 'डिजिटल साउंड आउट' किंवा 'डिजिटल आउटपुट ऑडिओ फॉरमॅट' अशा नावाचा पर्याय असतो, तो पीसीएमवर असतो, तो 'ऑटो' किंवा 'डॉल्बी डिजिटल' वर करा. ऑप्टिकल वायर असताना 'पास थ्रू' (आलेला आवाज जसाच्या तसा पुढं पाठवणं) करू नका, त्याचं कारण असं की नेटफ्लिक्स, प्राइमसारखे ऍप डॉल्बी डिजिटल प्लस पाठवतात आणि ऑप्टिकलमधून प्लस जात नाही. तिथून जाते स्टिरिओ पीसीएम, साधं डॉल्बी डिजिटल किंवा साधं डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसऱ्या कंपनीचा प्रकार). टीव्हीला प्लसचं साधं करून द्यायला सांगावं लागते. २०१० चा रिसीव्हर साधं डॉल्बी डिजिटल आरामात वाजवतो, त्यात काही कमीपणा नाही, साधं डॉल्बी डिजिटल ६४० केबीपीएसपर्यंत जाते अन् नीट बसवलेल्या पाच स्पीकरवर ते ऐकून लोकं म्हणतात काय बसवलं राव.

दोन गोष्टी इथं लक्षात ठेवा. डीटीएचवरचे बहुतेक चॅनेल स्टिरिओच असतात, त्यावर मागचे स्पीकर मुके राहिले तर बिघाड नाही, तिथं रिसीव्हरवर प्रो लॉजिक किंवा त्यासारखा सराउंड मोड लावा, तो दोनातून सेंटर वेगळा काढायचा प्रयत्न करतो. आणि पेनड्राईव्हवरचा पिक्चर दिसतो पण आवाज येत नाही ही तक्रार असेल तर तो डीटीएस फाईलचा घोळ आहे. सॅमसंगनं २०१८ पासूनच्या टीव्हीतून डीटीएस काढून टाकलं, दुसऱ्याही काही कंपन्यांनी मधल्या काळात तसंच केलं, आणि टीव्हीला जे समजत नाही ते तो रिसीव्हरपर्यंतही पोचू देत नाही. अशा वेळी पेनड्राईव्ह एखाद्या मीडिया बॉक्समध्ये लावून बॉक्स सरळ रिसीव्हरला जोडावा लागतो.

आता बंद पडण्याचं. रिसीव्हर स्वतःला वाचवायसाठी बंद होतो, त्याला प्रोटेक्शन म्हणतात, म्हणजे बंद पडणं हे त्याचं चांगलं लक्षण आहे. पाहायचं एवढंच की तो कशाला घाबरून राहिला. प्लग काढा, रिसीव्हरच्या मागून सगळ्या स्पीकरच्या वायर सोडा, मग नुसता रिसीव्हर चालू करून आवाज वाढवून ठेवा. तरी बंद पडला तर आतला बिघाड किंवा लाईन. नाही पडला तर परत बंद करून एकेक स्पीकर जोडत जा, ज्याच्यावर बंद पडेल तो स्पीकर किंवा ती वायर दोषी. बहुतेक वेळा मागच्या टर्मिनलवर तांब्याचा एखादा बारीक तार बाहेर निघून बाजूच्या टर्मिनलला लागलेला असतो, केसाएवढा, बॅटरी मारून पाहिलं तरच दिसतो. कधी उंदरानं वायर कुरतडलेली असते, कधी पाल आत जाऊन चिकटलेली असते. झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये करंट राहतो. बाहेरूनच ब्लोअर मारा.

मग गर्मी. रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये वापरायचं तापमान बहुधा ३५ अंशापर्यंत लिहिलेलं असते. आपल्याकडं मे महिन्यात ४५ होते, आणि तुमचा रिसीव्हर शोकेसच्या काचेच्या दारामागं असेल, त्यावर सेटटॉप बॉक्स, त्यावर वहिनींनी विणलेला क्रोशाचा रुमाल. हे चित्र मी इतक्या घरी पाहिलं की आता दारातूनच ओळखतो. रुमाल काढा, वर कमीत कमी वीतभर जागा मोकळी ठेवा, शोकेसची मागची फळी कापून टाका. गर्मीनं आजच्या आज काही होत नाही, पण आतले कंडेन्सर वाळत जातात, दर १० अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होते असा आमच्या धंद्यातला हिशोब आहे. तुमचा रिसीव्हर पंधरा उन्हाळे खाल्लेला आहे, तेव्हा त्याच्याकडून अजून दहा वर्षांची अपेक्षा मीही धरणार नाही.

आणि लाईन. यावर जरा जास्त बोलतो, कारण हाच भाग शहरातले व्हिडिओवाले कधी सांगत नाहीत. टीव्ही, मोबाईलचा चार्जर हे १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठंही चालतात, म्हणून व्होल्टेज पडलं तरी तुम्हाला टीव्हीवर फरक दिसत नाही. रिसीव्हरच्या आत मात्र अजूनही बहुतेक करून मोठा तांब्याचा ट्रान्सफॉर्मर असतो, २३० व्होल्टला बनवलेला. संध्याकाळी गावात सगळ्यांचे दिवे, कूलर, मोटरी सुरू झाल्या अन् डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड येऊन व्होल्टेज १७० वर आलं की त्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. १७० भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे साधारण ०.५५. शंभर वॉटचा रिसीव्हर पंचावन्नचा झाला, आणि तुम्ही तर आवाज नेहमीपेक्षा जास्त केला, काहून की बाहेर कूलर घुमून राहिला. मग आवाज फाटतो, ट्वीटर जळतात, रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो. तुमचा फक्त रात्रीच बंद पडतो हे वाचूनच मला लाईनचा संशय आला. साधा मल्टिमीटर घ्या, सकाळी, संध्याकाळी साडेसातला, अन् रात्री अकराला त्या बोर्डावर व्होल्टेज मोजून लिहून ठेवा, चार-पाच दिवस. रिसीव्हर घ्यायच्या आधी हा कागद तयार पाहिजे.

व्होल्टेज पडत असेल तर टीव्ही आणि रिसीव्हर मिळून एक केव्हीएचा, मोठ्या रेंजचा स्टॅबिलायझर पुरते, त्यात हाय-लो कटऑफ आणि लाईन आल्यावर थोडं थांबून चालू होणारा टायमर पाहून घ्या. पण स्टॅबिलायझर एका गोष्टीत कामाचा नाही, न्यूट्रल तुटला तर. डीपीवर किंवा तिथून आलेल्या सगळ्यांच्या सामायिक लाईनवर न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या घरात ४०० व्होल्टच्या जवळपास येऊ शकते, अन् मग फ्रीज, टीव्ही, रिसीव्हर, पंखे एका दमात जातात. वादळात, झाडाची फांदी तारेवर पडली की हे होते. त्यासाठी मीटरनंतरच्या मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, एमसीबीच्या शेजारी बसतो, स्वतः तोडतो अन् लाईन नीट आली की स्वतः जोडतो. रिसीव्हरच्या किमतीपुढं त्याचा खर्च काहीच नाही.

अर्थिंगही पाहा. स्पाईक गार्डवाली पट्टी आणली अन् मागं अर्थिंगच नसेल तर ती पट्टी नुसता लाल दिवा दाखवते. काळ्या मातीत खड्डा करून अर्थिंग केलेलं असेल तर उन्हाळ्यात माती भेगाळते, पाईपपासून सुटते, म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकत जा. मल्टिमीटरनं फेज-अर्थिंग मोजा, फेज-न्यूट्रलच्या जवळपास तेवढंच आलं पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर नको. जास्त आलं तर वायरमनला बोलवा, मग साउंडवाल्याला.

वीज कडाडायला लागली की प्लग काढता, हाव, पण डिशची वायर काढता का? रोहिणी-मृगाच्या वेळचे कितीतरी रिसीव्हर माझ्याकडं असे येतात की आवाज सगळा ठीक, फक्त एचडीएमआय मेलेलं. डिश छतावर उघड्यावर असते, तिची वायर सेटटॉप बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआय रिसीव्हरमध्ये. झटका त्या रस्त्यानं घुसतो. एचडीएमआयचा बोर्ड जुन्या मॉडेलचा मिळतच नाही बहुतेक वेळा, मग चांगला ऍम्प्लिफायर असून रिसीव्हर भंगारात. ढग आले की प्लग अन् डिशची गोल वायर, दोन्ही काढा.

ज्यांचं घर वावरात आहे त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. रानडुकरं अन् रोह्यांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलेली असेल तर ती साधारण सेकंदा-दीड सेकंदाला एक ठोका मारते, आणि सबवूफरची लांब, हलकी वायर तो ठोका पकडते. टक, टक, टक असा बारीक आवाज रात्रभर. लोकं सबवूफर बदलून आणतात. झटक्याचं अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून दूर घ्या आणि सबवूफरला चांगली शिल्डवाली वायर वापरा, बहुतेक वेळा जाते.

हे सगळं करून पाहा, आणि मग ठरवा. माझ्या हिशोबानं सेटिंग अन् वायर सुधारल्यावर तुमची तक्रार बरीचशी जाईल. त्यानंतर नवा घ्यायचा की नाही हे तीन-चार गोष्टींवर आहे. तुम्हाला ऍटमॉस पाहिजे का, गेमिंग कन्सोल आहे का, फोरके बॉक्स रिसीव्हरमधून फिरवायचे का, आणि तुमचा जुना खरंच म्हातारा झालाय का. जुन्याची अडचण आवाजाच्या दर्जाची नसून जोडणीची असते. २०१० च्या रिसीव्हरमधून फोरके जात नाही, त्याला लागणारं एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारं कुलूप) त्यात नसते. एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयमधूनच उलटा रिसीव्हरकडं आणायची सोय, २००९ च्या एचडीएमआय १.४ सोबत आलं, म्हणून तुमच्याच्या मागं एचडीएमआय आउटवर 'एआरसी' लिहिलेलं असण्याची थोडी आशा आहे, एकदा पाहा. असेल तर ऑप्टिकल काढून एचडीएमआय लावा, आवाज टीव्हीच्या रिमोटनंच कमी-जास्त होईल. त्यासाठी टीव्हीत सीईसी (एचडीएमआयमधून एका यंत्रानं दुसऱ्याला चालवायची सोय) चालू लागते, सॅमसंगमध्ये त्याला एनीनेट, एलजीत सिमलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक म्हणतात.

नवा घेताना पहिली नजर एचडीएमआयवर टाका. २०१७ च्या एचडीएमआय २.१ सोबत ई-एआरसी, म्हणजे एआरसीचा वाढीव प्रकार, आलं, त्यातून डॉल्बी ट्रूएचडीसारखा दर्जा न घटवता दाबलेला आवाजही टीव्हीकडून रिसीव्हरकडं जातो. फक्त ओटीटी पाहणार असाल तर साध्या एआरसीतूनही डॉल्बी डिजिटल प्लस अन् त्यातला ऍटमॉस जातो, म्हणून ई-एआरसी नाही म्हणून झोप उडवून घेऊ नका, असलं तर बरं. नव्या रिसीव्हरला एआरसी लावल्यावर मात्र टीव्हीचं सेटिंग 'पास थ्रू' किंवा 'ऑटो' वर करा, वर सांगितलं ते ऑप्टिकलपुरतं होतं. ज्यांच्याकडं नवा प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आहे त्यांनी फोरके १२० हर्ट्झ पाहावं, आणि सेकंडहँड घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं की २०२० मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ च्या पहिल्या खेपेतल्या काही मॉडेलमध्ये फोरके १२० ला घोळ होता.

आता तुमचा वॉटचा प्रश्न. डब्यावर '१४५ वॉट' लिहिलेलं असते, खाली बारीक अक्षरात '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १ चॅनेल, १० टक्के टीएचडी' (टीएचडी म्हणजे आवाज किती बिघडला त्याचं माप). म्हणजे एकच स्पीकर चालू, आवाज फाटेपर्यंत दाबलेला, तेव्हाचे १४५. खरा आकडा तो ज्याच्यासमोर '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, २ चॅनेल, ०.०८ टक्के' असं काही लिहिलेलं असते, तो बहुतेक ७० ते १०० च्या मध्ये येतो. आणि मागच्या पत्र्यावर रिसीव्हर किती वॉट ओढतो तेही लिहिलेलं असते. तो लाईनमधूनच चारशे वॉट ओढत असेल तर सात चॅनेलला शंभर-शंभर कुठून देणार? पण खरी गंमत पुढं आहे. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. ८० अन् १०० वॉटमध्ये फरक आहे १ डेसिबलचा. तो तुमच्या कूलरच्या आवाजात कुठं गेला ते समजणारही नाही. याउलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॉटवर तो किती मोठा वाजतो ते) ८६ च्या ऐवजी ८९ असली तर ते ३ डेसिबल म्हणजे निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज. म्हणून वॉटमागं पैसे घालू नका. ६ किंवा ४ ओहमचे स्पीकर असतील तर रिसीव्हर त्यांना चालवतो का तेवढं मागचं लेबल वाचून घ्या.

७.२ घ्यायचा की ५.१? तुमचा हॉल १२ बाय १८, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. सातमधले मागचे दोन स्पीकर तुम्ही ठेवणार कुठं, भिंतीपलीकडं स्वयंपाकघरात? ते दोन चॅनेल वर वापरायचे, म्हणजे ५.१.२, हाच ७ चॅनेलचा खरा उपयोग तुमच्यासारख्या खोलीत. ऍटमॉस थिएटरात २०१२ ला आलं, घरी २०१४ पासून, आणि आवाज वरून येणं ही गोष्ट चांगल्या पिक्चरमध्ये खरंच मजा देते. पण छत पाहावं लागते. स्पीकर वर ठेवून छतावर आवाज आदळवायचा जो प्रकार आहे त्याला सपाट, टणक छत लागते, साडेसात ते चौदा फुटांच्या मधलं. तुमचा स्लॅब दहा फुटावर आहे, तुमचं जमते. टिनाच्या उतरत्या छपरात किंवा कवेलूच्या घरात आवाज भलतीकडं जातो, तिथं ऍटमॉसचे पैसे वाया, साधा ५.१ घ्या अन् उरलेले पैसे स्पीकरला लावा. जमत असेल तर छतालाच छोटे स्पीकर लटकवणं सगळ्यात बरं, फक्त बरोबर पंख्याच्या पात्याच्या वर येणार नाही असं पाहा. आणि नेटफ्लिक्सवर ऍटमॉससाठी प्रीमियम प्लॅन लागतो, तो घेणार नसाल अन् बाकी बहुतेक वेळ डीटीएचच पाहणार असाल तर मग सध्या ऍटमॉस कशासाठी, हे घरच्यांसोबत बसून ठरवा.

माझ्या मतानं बॉक्समधली सगळ्यात कामाची वस्तू तो छोटा माइक आहे, आणि नेमका तोच लोकं पिशवीत ठेवून देतात. रिसीव्हर त्यातून स्पीकरचं अंतर, आवाजाची पातळी अन् खोलीचा घुमारा मोजून स्वतःला जुळवून घेतो, डेनॉनमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ. माइक सोफ्यावर नुसता टाकायचा नाही, कानाच्या उंचीवर स्टँडवर किंवा स्टूल-पुस्तकं रचून ठेवायचा, आणि त्या वेळी कूलर बंद, पंखा बंद, फ्रीज बंद, शेजारची पिठाची चक्की थांबलेली. मी तर सरळ रात्री दहानंतर किंवा पहाटे करतो. झाल्यावर मेनूत जाऊन स्पीकर 'स्मॉल' अन् क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा जड आवाज सबवूफरकडं जातो ती हद्द) ८० हर्ट्झच्या आसपास आहे का पाहा, मोठे उभे स्पीकर पाहून तो कधी कधी 'लार्ज' ठरवतो अन् सबवूफर अर्धा बेकार बसतो. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं तर बदलू नका, आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. मग उन्हाळ्यात कूलर चालू असताना सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल वाढवा आणि नाईट मोड किंवा डायनॅमिक व्हॉल्यूम लावा, त्यानं दणका खाली येतो अन् बोलणं वर येते. पावसाळ्यात परत काढून टाका.

खोलीचंही ऐका. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागं झणझण अशी शेपटी आली तर फरशी अन् मोकळ्या भिंती डायलॉग खाऊन राहिल्या. खाली जाड सतरंजी, समोरच्या खिडकीला जाड पडदा, आणि मागच्या भिंतीला कापसाची जुनी गादी उभी करून त्यावर छानसं कापड लावलं तर रिसीव्हर न बदलता फरक पडतो. कापसाच्या गाद्यांचा आपल्याकडं तोटा नाही. सेंटर स्पीकर टीव्हीच्या खाली शोकेसच्या आत खोल घुसवलेला असेल तर तो पुढं, काठाला आणा अन् तोंड थोडं वर, कानाकडं करा.

वायरीवर जास्त खर्च नको. दीड एमएमची साधी तांब्याची हाऊस वायर हॉलपुरती पुरते, मागच्या लांब वायरला अडीच एमएम. स्वस्त 'स्पीकर वायर' बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेलं अल्युमिनियम असते, ब्लेडनं खरवडून पाहा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

६० हजारात मी कसं बसवलं असतं ते सांगतो, भाव वरखाली होतात म्हणून अंदाजच समजा. साधे ५.१ चे रिसीव्हर तीस-पस्तीस हजारांच्या आसपासपासून आहेत, ऍटमॉस अन् ई-एआरसीवाले चांगले ७.२ त्याच्या बरेच वर, काही तर तुमचं पूर्ण बजेट एकटेच खातात. पहिले पाच-सात हजार स्टॅबिलायझर, प्रोटेक्टर अन् अर्थिंगला बाजूला काढा, त्यात तडजोड नाही. उरलेल्यात ५.१ चा रिसीव्हर आणि एक नवा, मोठा सेंटर स्पीकर घेतला तर तुमच्या मूळ तक्रारीला, म्हणजे डायलॉगला, सगळ्यात जास्त फायदा होईल. ऍटमॉसची हौसच असेल तर जुन्यावर सेटिंग करून एक हंगाम काढा, कापूस-तूर विकल्यावर मोठा घ्या. मधलं काहीतरी घेऊन दोन्हीकडून पस्तावू नका. साउंडबार वाईट नाही, भाड्याच्या घरात, लहान खोलीत मीही सांगतो, पण तुमच्याकडं पाच स्पीकर वायरसकट बसलेले असताना ते काढून ठेवायचं काही कारण दिसत नाही, अन् साउंडबार बिघडला की त्यातला एक भाग बदलून मिळत नाही, सगळाच जातो.

कंपनी कोणतीही घ्या, पण घेण्याआधी सर्व्हिस सेंटर नागपुरात आहे का अमरावतीत ते फोन करून विचारा, आणि तिथं बोर्ड दुरुस्त करतात का नुसता पुढं पाठवतात तेही. दहा किलोचं धूड एसटीत घालून नागपूरच्या बर्डीपर्यंत न्यायची पाळी आली की वॉरंटी कार्डाची किंमत समजते. पक्कं बिल घ्या, खोका फेकू नका. जुना कुठून मिळत असेल तर आधी मागं व्होल्टेज वाचा, अमेरिकेहून कोणी आणलेला १२० व्होल्टचा असतो, आपल्या सॉकेटमध्ये लावला की धूर. आणि ऑन्कियो कोणी स्वस्तात देत असेल तर हे माहीत असू द्या की मूळ जपानी कंपनीनं २०२२ मध्ये दिवाळखोरी काढली, ब्रँड दुसऱ्यांच्या हातात आहे, जुन्या मॉडेलचे पार्ट शोधत बसावं लागेल.

तर आज रात्री एवढंच करा: टीव्हीचं सेटिंग बदला, डिस्प्लेवर काय येते ते लिहून घ्या, अन् साडेसातचं व्होल्टेज मोजा. रिसीव्हरच्या मागच्या पत्र्याचा, सेंटर स्पीकरवरच्या लेबलचा अन् हॉलचा सोफ्यावरून काढलेला असे तीन फोटो पाठवा. व्होल्टेज १९० च्या खाली येत असेल तर फोटो नंतर पाठवले तरी चालतील, पहिले लाईनमनला गाठा.